पाठीमागची खुर्ची

“आज गुरुवार वाटतं,” मम्मी म्हणाल्या.

त्या मूग निवडत होत्या. मान वर केली नव्हती. मी आरशासमोर उभी राहून ओढणीला पिन लावत होते. मम्मी म्हणजे माझ्या सासूबाई, उगमबाई; वय एकाहत्तर, एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलेला आणि दुसऱ्याचा राहिलेला, पण घरातल्या माणसांचं त्यांना जेवढं दिसतं तेवढं दुर्बीण लावूनही कुणाला दिसायचं नाही. मी म्हटलं, “हो, गुरुवारच. का?” त्या म्हणाल्या, “काही नाही गं. मोत्यांचे टॉप्स घातलेस, म्हणून म्हटलं.” आणि मुगातला एक खडा उचलून त्यांनी ताटाच्या कडेला ठेवला. बस, एवढंच झालं. मी खाली निघाले आणि जिन्यात मध्येच थांबले. हात कानाकडे गेला. सोमवारी काय घातलं होतं? रोजच्या बाळ्या. मंगळवारी, बुधवारी? त्याच. मागच्या गुरुवारी? मोती. त्याच्या मागच्या? मोती. दुसऱ्यांच्या मनात काय चाललंय हे ओळखायचा व्यवसाय करणारी मी, आणि माझ्या कानात काय आहे ते माझ्या सासूला माझ्याआधी कळलं होतं.

नारायणगावच्या पेठेत आमचं घर आहे. खाली भांड्यांचं दुकान, मधल्या मजल्यावर माझी खोली, वर राहतं घर. दुकान माझा नवरा पीयूष बघतो. खोलीच्या दारावर ‘मानसोपचार व समुपदेशन’ अशी पाटी आहे, पण पेठेत सगळे तिला डोक्याचा दवाखाना म्हणतात. पेशंट भांडी घ्यायला आल्यासारखे दुकानात शिरतात, एखादी कळशी हातात घेऊन उलटीसुलटी करून बघतात, आणि ओळखीचं कुणी नाही अशी खात्री झाली की हळूच जिना चढतात. मला याचं हसू येतं आणि रागही येतो. लग्नसराईत खाली ताटांची चवड कोसळली की वर बोलणाऱ्याचं वाक्य अर्ध्यावर तुटतं. गोकुळ तर पहिल्या दिवशी असा उडाला की खुर्चीच कलंडली, आणि मी त्याचा दंड धरला. पेशंटला हात लावायचा नाही हे मला ठाऊक होतं. पण पडणाऱ्या माणसाला धरतात, त्यात काय, असं मी स्वतःला सांगितलं. तो दंड टणक होता आणि गार होता, हे मला जानेवारीपासून लक्षात आहे. कुठल्या कागदावर मात्र मी ते लिहिलं नाही.

गोकुळ पिंपळवंडीचा. चौतीस वर्षांचा, टोमॅटो आणि ऊस करणारा, दहा माणसांत उठून दिसेल असं काही नसलेला. गेल्या कार्तिकात, दिवस मावळायच्या सुमाराला, उसाला पाणी द्यायला वाकून वॉल फिरवत होता आणि मागून बिबट्याने मानगूट धरली. गळ्याभोवती मफलरचे तीन वेढे होते म्हणून वाचला. तेवीस टाके पडले. आमच्याकडे बिबट्याचं आता कुणाला नवल राहिलेलं नाही. रानात खुरपायला जाणाऱ्या बायका गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालतात आणि कुणाला तो कसा शोभतो यावरून एकमेकींची थट्टाही करतात. तेव्हा टाके सुकले, माणसं भेटून गेली, आणि गोकुळचं निभावलं असं सगळ्यांनी धरलं. पण गोकुळच्या पाठीवर ती नजर राहून गेली. तो सांगायचा, “म्याडम, त्येनं धरायच्या आधी मला कळलं व्हतं. मानेवर ऊन पडल्यावानी वाटलं बगा. मी म्हनलं असंल काय तरी, आन वाकलो. आता रोज तसंच व्हतंय.” अंघोळ करताना, जेवताना, बायकोशेजारी आडवं झाल्यावर, कुणीतरी मागून बघतंय. डोळे मिटावे लागतात म्हणून तो तोंडाला साबण लावायचा बंद झाला. भिंतीला पाठ लावून बसल्या बसल्या झोपायचा. जानेवारीत एका दुपारी त्याची बायको स्नेहल त्याला विहिरीच्या काठावरून हाताला धरून घरी घेऊन आली, आणि दुसऱ्या दिवशी माझ्याकडे.

माझ्या खोलीला एक दार आणि एक खिडकी. दोन्ही एकदम डोळ्यांपुढे असल्याशिवाय गोकुळला बसवत नव्हतं. पहिले दोन गुरुवार आमचे खुर्च्या ओढण्यातच गेले. शेवटी एकच जागा जमली: तो दाराखिडकीकडे तोंड करून, आणि मी त्याच्या उजव्या खांद्यामागे, भिंतीशी. “पाठीमागं तुमी असल्यावर चालंल,” तो म्हणाला. “मग तिकडनं भ्या न्हाई.” पेशंटने असा विश्वास टाकला की उपचार करणाऱ्याला बरं वाटतं. मला अंमळ जास्तच बरं वाटलं. उपचार साधाच होता. एक शंभर पानी वही. नजर जाणवली की पळायचं नाही. थांबायचं, वळून बघायचं, आणि लिहायचं: तारीख, जागा, कोण होतं. गोकुळचं अक्षर मोठं आणि सरळ. गोठा, कोन न्हाई. मोरी, कोन न्हाई. बेल्ह्याचा बाजार, लोक व्हते, माझ्याकडं बगनारं कोन न्हाई. पानामागून पान. होळीपर्यंत एक वही भरली, पाडव्याला दुसरी सुरू झाली, आणि तो सुधारत गेला. चैत्रात टोमॅटो तोडायला खाली वाकायला लागला. वैशाखात एकटा बेल्ह्याला जाऊन बैल बघून आला आणि मला त्या बैलाच्या शिंगांचं वर्णन अर्धा तास ऐकवलं. स्नेहल दर वेळी पाटीभर टोमॅटो नाहीतर कोथिंबिरीच्या जुड्या आणायची. पेशंटकडून काही घ्यायचं नाही हा नियम पुण्यात ठीक आहे. इथे नको म्हटलं तर माणूस दुखावतो. म्हणून ते सगळं वर घरात मम्मींच्या हवाली व्हायचं, आणि मम्मी तिला शेजारी बसवून चहा द्यायच्या. खोलीत तासभर तो आणि मी, वर तासभर त्या दोघी. त्या काय बोलतात हे मी कधी विचारलं नाही.

मार्चमध्ये तो म्हणाला होता, “टाकं दाखवू का?” शिकवलेलं उत्तर मला येत होतं: दाखवावंसं का वाटतंय, त्याबद्दल बोलू या. मी म्हटलं, “दाखवा.” त्याने वरची दोन बटणं काढली आणि कॉलर मागे ओढली. मानेच्या मुळापासून उजव्या खांद्यावर उतरलेली गुलाबी, वाकडी रेघ, आणि तिच्या बाजूला चार बुजलेले खड्डे. उन्हाने रापलेल्या त्या पाठीवर तेवढीच कातडी नवी होती, तान्ह्या मुलाच्या अंगासारखी. त्याच्या हातांना टोमॅटोच्या पाल्याचा हिरवा, कडवट वास येत होता. तो माझ्यापासून दोन फुटांवर होता, आणि मला तिथे ओठ टेकावेसे वाटले. ही गोष्ट मी सभ्य भाषेत मांडू शकते. आमच्या पुस्तकांत तिला नाव आहे, तिच्यावर अख्खा धडा आहे, आणि त्या धड्यावर मला परीक्षेत चांगले मार्क पडले होते. पण मला ओठ टेकावेसे वाटले, एवढंच खरं. मी म्हटलं, “छान भरलंय. बटणं लावा.” त्यानंतर तो बोलता बोलता गप्प झाला की माझे डोळे आपोआप त्याच्या कॉलरच्या वर जाऊन बसायचे. वहीवरून उठायचे आणि तिथे जायचे. पीयूष भला माणूस आहे; सोळा वर्षं आम्ही एका ताटात जेवतोय म्हटलं तरी चालेल; पण त्याची मान कशी आहे असं कुणी विचारलं तर मला आठवून सांगावं लागेल. गोकुळची मला डोळे मिटून काढता आली असती. आणि मला वाटायचं, नुसतं बघितल्याने कुणाचं काय जातं? मी बोलत नाही, हात लावत नाही, फोन करत नाही. बघते. तेही मागून.

आषाढात एका गुरुवारी तो असाच गप्प बसला होता. बाहेर पावसाची भुरभुर होती आणि दुकानात शुकशुकाट. मग तो हळू आवाजात म्हणाला, “म्याडम, येक सांगू का? राग नका धरू. हितं बी वाटतंय.”

“काय वाटतंय?”

“तेच. मागनं.”

माझे डोळे तेव्हा कुठे होते हे मला पक्कं ठाऊक होतं. खरं बोलायची वेळ तीच होती, आणि तिला चार सेकंद पुरले असते. मी मान खाली घातली, वहीवर पेन टेकवलं, आणि अगदी शांत, शिकवलेल्या आवाजात म्हटलं, “वळून बघा. कोण आहे?”

तो वळला. ओशाळून हसला. “तुमी हाय.”

“मी काय करतेय?”

“लिव्हताय.”

“मग नोंद करा.”

आणि त्याने गुडघ्यावर वही घेऊन त्या मोठ्या, सरळ अक्षरात लिहिलं: नारायनगाव, म्याडमची खोली, कोन न्हाई. मी बघत होते. लिहिताना त्याची मान पुढे झुकली होती.

त्या एका ओळीने सहा महिन्यांचं सगळं धुऊन नेलं. माणसाला एखादी जागा तरी लागते जिथे त्याला खात्री असते. गोकुळची ती जागा माझी खोली होती. तिथेही नजर जाणवली, आणि तिथेही ती खोटी निघाली, म्हणजे बिघाड त्याच्याच डोक्यात आहे, असा त्याने अगदी सरळ हिशोब मांडला. त्याला गोळ्या देणाऱ्या मंचरच्या डॉक्टरांना मी चिठ्ठी दिली: पूर्ण सुरक्षित जागीही भास होत आहेत. चिठ्ठी वाचून त्यांनी गोळ्या वाढवल्या, त्यांचं काय चुकलं? गोकुळचे हात थरथरायला लागले. जीभ जड झाली. पुन्हा भिंतीला पाठ लावून बसायला लागला, टोमॅटो वेलावर पिकून फुटले, आणि स्नेहलची पाटी यायची बंद झाली. मी हे सगळं तारखेनिशी लिहून ठेवत होते. वहीत एकच नोंद नव्हती, आणि ती माझी होती.

तर त्या गुरुवारी, मोत्यांच्या गुरुवारी, मी खोलीत गेले तेव्हा तो आधीच येऊन बसला होता. मी माझ्या खुर्चीत बसले आणि डोळे खिडकीच्या गजांवर खिळवून ठेवले. तो म्हणाला, “म्याडम, मानूस येडा व्हतो तवा त्याला सोताला कळतं का?”

“तुम्ही वेडे नाही आहात, गोकुळ.”

“मग ह्ये काय? तुमच्यापाशी बसून बी मला वाटतंय कोन तरी बगतंय. तुमी तर मागं राखन बसता. म्हंजे माजं डोस्कंच गेलं न्हवं?” खाली कुणीतरी पातेल्याला टिचकी मारून बघत होतं. “मी स्नेहलला बोललो न्हाई. पर विहिरीकडं गेलं की बरं वाटतं. आत कोन बगनार?”

मी काय बोलले ते आठवत नाही. काहीतरी बरोबर, काहीतरी पुस्तकातलं बोलले असेन. त्याच्याकडून मी वचन घेतलं की पुढच्या वेळेपर्यंत तो विहिरीकडे एकटा जाणार नाही. बोलता बोलता मी हळूच कानातले टॉप्स काढून मुठीत धरले होते. त्यांच्या दांड्या तळहाताला टोचत होत्या, आणि मी मूठ आणखी आवळत होते.

संध्याकाळी मी इंद्रायणी मॅडमना फोन केला. त्या पुण्यात असतात. मी हे काम त्यांच्या हाताखाली शिकले, आणि अजूनही अडलं की त्यांनाच विचारते. मी त्यांना सगळं सांगितलं. मानेचं, मोत्यांचं, ‘कोन न्हाई’चं. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, “जागृती, असं वाटणं हा गुन्हा नाही. आपल्यापैकी अर्ध्यांना कधी ना कधी वाटतं, आणि उरलेले खोटं बोलतात. पण तू त्याला जे लिहायला लावलंस ते वाईट झालं. आता नीट ऐक. उद्या डॉक्टरांना फोन कर आणि सांग, माझं निदान चुकलं, ती चिठ्ठी धरू नका. मग गोकुळला दुसऱ्या कुणाकडे सोपव. त्याला एवढंच सांग, की त्या खोलीत जे झालं त्यात चूक तुमची नव्हती, माझ्या कामात झाली.”

“आणि कशामुळे झाली, ते?”

“ते नाही सांगायचं. ते मला सांग, हवं तर रोज सांग. त्याला सांगून तुला हलकं वाटेल. पण ओझं जाईल कुठे? त्याच्याच डोक्यावर ना?”

मी “हो मॅडम” म्हटलं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांचा फोन लागला नाही, तिसऱ्या दिवशी मी लावला नाही. मग आमचं जैनांचं पर्युषण सुरू झालं, गणपती तोंडावर आले, आणि मी गोकुळला निरोप दिला की सणाचे दोन गुरुवार सुट्टी. मॅडमचं बरोबर होतं, हे मला तेव्हाही कळत होतं. पण माझी घडण त्यांच्या वर्गात झाली त्याच्या कितीतरी आधी जैन स्थानकात झाली होती, आजीच्या मांडीवर बसून. तिथे मनातलं आणि हातातलं वेगळं मोजत नाहीत. मनाने केलेलं तेही केलेलंच, आणि ज्याचं केलं त्याच्यापुढे हात जोडल्याशिवाय ते सुटत नाही. हे खूळ आहे असं मी दहा वेळा स्वतःला बजावलं असेल. अकराव्या वेळी पटेना.

मम्मींनी तीन दिवसांचा उपवास धरला होता, नुसत्या उकळलेल्या पाण्यावर. शेवटच्या दिवशी, म्हणजे क्षमा मागायच्या संवत्सरीला, त्यांच्या पायांना तेल चोळत मी बसले होते. पलीकडे पीयूष फोनवर अंगठा चालवत सगळ्या गिऱ्हाइकांना क्षमेचा मेसेज पाठवत होता, हात जोडलेल्या चित्रासकट. मम्मी डोळे मिटून म्हणाल्या, “हे असलं पाठवण्यात काय आहे? ज्यांच्याशी काही वाकडं नाही त्यांचीच माफी मागतात सगळे. ज्याचं खरंच काही केलंय त्याच्या दारात कुणी जात नाही.” मग डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. “जायचं असतं गं. कठीण असतं, पण जायचं असतं.” त्यांना काय म्हणायचं होतं हे आज मला नीट कळतं. त्या दारातलं नाही, घरातलं सांगत होत्या. पीयूष तिथे चार हातांवर बसला होता. पण माणसाला ऐकायचं तेच ऐकू येतं. रात्री प्रतिक्रमण, म्हणजे वर्षभराच्या चुकांची उजळणी, करून आल्यावर मी पीयूषपुढे हात जोडले तेव्हा तो हसून म्हणाला, “कशाबद्दल? परवाच्या खारट खिचडीबद्दल? जा, माफ केलं.” मी पण हसले. त्याला सांगावं असं माझ्या मनातसुद्धा आलं नाही. माझ्या लेखी मी ज्याचं वाईट केलं होतं तो पिंपळवंडीला होता.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, सकाळीच मी स्कूटर काढली. मम्मींना सांगितलं, खमतखामणाला, माफी मागायला, जाऊन येते. त्यांनी मान हलवली. कुणाकडे, असं विचारलं नाही. रस्ता ओला होता आणि ऊन चांगलं पडलं होतं. दोन्ही बाजूंना पुरुषभर उंचीच्याही वर गेलेला ऊस, मध्येच तारेवर चढवलेले टोमॅटो, कुठे चार बायका खुरपत, गळ्यातले खिळे चकाकत. मला इतकं हलकं वाटत होतं की लाज वाटावी. आपण चांगलं करायला निघालोय ह्या भावनेइतकी दगाबाज भावना मी पेशंटांमध्ये दुसरी पाहिलेली नाही, आणि ती माझ्या अंगात पायांच्या बोटांपर्यंत भरली होती. मी त्याला वेडेपणातून सोडवायला निघाले होते. तो मला एकदा बघेल, आणि या वेळी समोरून बघेल, हेही मनात होतं. हो, तेही होतं.

“अगं बया, म्याडम!” स्नेहल दारातच उभी राहिली. “घरी आलात? आन आमच्या?” तिने पदराने खुर्ची पुसली. कोपऱ्यात गणपती बसला होता, लाइटच्या माळा, केवड्याचा वास. तिने माझ्या हातावर मोदक ठेवला आणि चहाला आधण ठेवलं. “त्यांची सुट्टी हाय म्हनला व्हता तुमी. काय इशेष?”

“आमच्यात आज माफी मागायला जातात. वर्षभरात कुणाचं काही चुकलंमाकलं असेल तर.”

“तुमचं काय चुकतंय!” ती हसली. मग हसू मावळलं. “लई गप झाल्यात वो. दिसभर गोळ्यांच्या गुंगीत. आज म्याच म्हनलं, जरा दुर्वा तरी काढा. त्ये बगा, बांधावर.”

तो घराच्या मागच्या बांधावर उकिडवा बसून होता. उसाच्या फडापासून दहा पावलं. पाठ घराकडे नाही, उसाकडे नाही, अशी काहीतरी तिरकी करून बसला होता. मला बघून धडपडत उठला, आणि नमस्कार करायला हात जोडायला गेला तर मुठीतल्या दुर्वा खाली पडल्या. मी त्याच्यासमोर उभी राहिले. आठ महिन्यांत पहिल्यांदा अशी समोर. मी हात जोडले.

“गोकुळ, मनाने, बोलण्याने, वागण्याने मी तुम्हाला जे दुखावलं त्याची माफी मागायला आलेय.”

“काय तरीच काय म्याडम—”

“ऐका. माझ्या मनात तुमच्याबद्दल जे यायला नको होतं ते आलं. माझ्या खोलीत तुम्हाला मागून नजर जाणवली, तो भास नव्हता. मी बघत होते.”

त्याचा चेहरा कोराच राहिला. गोळ्यांमुळे त्याला समजायला वेळ लागत होता, आणि त्या गोळ्या माझ्या चिठ्ठीच्या होत्या. मग तो म्हणाला, “मी लिव्हलं, कोन न्हाई. तवा?”

“तेव्हाही.”

“कुटं बगत व्हता?”

“मानेवर.”

त्याचा हात मागे गेला आणि जखमेवर थांबला. मला वाटलं आता तो ओरडेल, नाहीतर घराकडे पळेल. मी त्याची तयारी केली होती. पण त्याचा चेहरा उलगडायला लागला. डोळ्यांत पाणी आलं आणि तो हसला, मोठ्याने, पोटातून. “म्हंजे मी येडा न्हाई,” तो म्हणाला. “म्याडम, मी येडा न्हाई! मला खरंच कळतं!” आणि घराकडे वळून त्याने हाक मारली, “स्नेहल! त्या गोळ्या टाक उकिरड्यावर! म्याडम सोता सांगत्यात, व्हती नजर!”

स्नेहल चहाची कपबशी घेऊन ओट्यावर आली होती. “कुनाची?” तिने विचारलं.

“म्याडमची!”

कपबशी तिने ओट्याच्या कडेला ठेवली आणि माझ्याकडे बघत राहिली. मी गोकुळला म्हटलं, “गोळ्या अशा एकदम थांबवायच्या नसतात. आणि एक वेळ खरं निघालं म्हणजे दर वेळी—”

“न्हाई न्हाई, आता कळालं ना.” तो अगदी जवळ आला होता. इतक्या जवळून इतकं मोकळं त्याला मी कधी पाहिलं नव्हतं. “भ्या कशाचं वाटत व्हतं सांगू? कुनाची हाय ते म्हाईत न्हवतं म्हनून. आता पाठीवर नजर आली की मी म्हननार, म्याडम हायेत. बगू द्या की. त्यांच्या मनात काय वंगाळ न्हाई.” हे शेवटचं तो खाली मान घालून, जरा लाजून बोलला. आणि मला सांगायला लाज वाटते, पण एक क्षणभर मला आनंद झाला. मूर्ख, सोळा वर्षांच्या पोरीचा आनंद. आता हा माणूस जिथे जाईल तिथे माझी नजर पाठीवर घेऊन जाईल. क्षणभरच. मग त्याने काय म्हटलं ते माझ्या डोक्यात शिरलं.

“गोकुळ, असं नाही,” मी म्हटलं. “मी इथे नसते. रानात मी नसते. रानात जाणवलं तर ती माझी नाही. तुम्ही वळून बघायचं, घाबरायचं, पळायचं—”

“पळू कशाला?” तो समजूत घातल्यासारखं म्हणाला. “तुमी बसा. येवढं घरी आलात, मोकळ्या हातानं कशा जाल? मम्मींना दोन ऊस देतो. आत लई ग्वाड निगालाय.” आणि तो फडाकडे चालायला लागला. दहा महिने ज्या फडाकडे त्याने पाठ केली नव्हती, तिकडे तो कुरणात निघालेल्या बैलासारखा निवांत चालला होता. माझे डोळे त्याच्या मानेवर होते. दुसरीकडे कुठे असणार? त्याने न वळताच हात वर केला. “ही तुमची,” तो म्हणाला. “वळखली बगा.” पाती बाजूला झाली, आणि तो आत गेला.

“म्याडम, त्यांना माघारी बलवा,” स्नेहल ओट्यावरून उतरत म्हणाली. तिचा आवाज चिरकला होता. “परवाच तितं ठसं दिसल्यात. त्यांना सांगितलं न्हाई आमी. तुमचंच ऐकत्याल त्ये, बलवा!”

मी हाक मारली. आत पाती सळसळत होती, मग कांडं मोडल्याचा आवाज आला, मग दुसरं. मग काहीच नाही. गावातल्या मंडपात आरती सुरू झाली होती, टाळ्या वाजत होत्या. मला एकच गोष्ट सुचली. मी फडाकडे पाठ केली. रस्त्याकडे तोंड करून, डोळे गच्च मिटून, होता तेवढा आवाज काढून ओरडले, “गोकुळ, बाहेर या! मी बघत नाहीये! ऐकताय ना, मी बघत नाहीये!”

आतून, जवळूनच, त्याचा खुशीतला आवाज आला.

“बगताय की, म्याडम.”